घरात असून न दिलेली ओ

हे मी चार वर्षे कोणाला सांगितले नाही. सांगण्याची वेळ दोन-तीनदा आली होती, तेव्हा मी विषय बदलला. गेल्या डिसेंबरात मी चार दिवस महाड-पोलादपूरकडे जाऊन आलो. परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, "रायगड केलात का?" मी मान डोलावली. तेही खोटेच. रायगडाच्या वाटेला मी गेलोच नाही. मी एका माणसाची माफी मागायला गेलो होतो. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधल्या मंडळींनी हे जरूर वाचावे, कारण त्यांना मी त्या वेळी जे सांगितले ते खरे नव्हते.

मी मुंबईत टेलिफोन खात्यात होतो. सीताराम पार्टे माझ्या हाताखाली केबल जोडायचा. रस्त्यातल्या खड्ड्यात तो तारांची जाड जुडी मांडीवर घेऊन बसे आणि दुसऱ्या टोकाला एक्सचेंजमध्ये मी. तारांची एक जोडी जोडून झाली की तो तपासणीच्या फोनवर हाक मारी, मी ओ देई. "आवाज मिळाला, सायेब," तो म्हणे आणि पुढची जोडी उचले. एका केबलमध्ये शेकडो जोड्या असत. असे आम्ही वर्षानुवर्षे बोललो, पण त्यापलीकडे फारसे नाही. निवृत्तीनंतर तो पोलादपूरच्या डोंगरात आपल्या वाडीवर गेला. मी पुण्याला आलो.

मला लहानसहान गोष्टींचा फार त्रास होतो. लिफ्टमध्ये फोन स्पीकरवर टाकून घरची भांडणे ऐकवणारे. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे सांगत वीस मिनिटे एकच गाणे वाजवणारे. दोन घोटांत संपणारा कागदी कपातला चहा. खोकल्याचे औषध घ्यायला गेलो तरी आधी मोबाईल नंबर मागणारा दुकानदार. पत्नी गेल्यावर हे सगळे ऐकवायला घरात कोणी उरले नाही, म्हणून मी एक वही केली आणि त्यात लिहू लागलो. त्या वहीच्या पहिल्या पानावरची पहिली नोंद आहे: 'शुभ सकाळ'.

ती नोंद पार्टेची. रोज पहाटे पावणेसहाला त्याचा निरोप ग्रुपवर पडे. दव पडलेला गुलाब, वाफाळता कप, कधी समईसमोर हात जोडलेले मांजर. मी ग्रुपचा ॲडमिन. एकदा मी तिथेच लिहिले, "ज्यांना दुसरा उद्योग नाही त्यांनी निदान इतरांची झोप मोडू नये." पार्टेने लगेच उत्तर दिले, "माफ करा सायेब." दुसऱ्या दिवशी पावणेसहाला पुन्हा गुलाब. मी त्याला ग्रुपमधून काढले. इतरांनी विचारले तेव्हा सांगितले की त्याचे त्यानेच सोडलेले दिसते. मग तो मला एकट्याला पाठवू लागला. पंधरा दिवस मी ते दात-ओठ खात पाहिले, एकालाही उत्तर दिले नाही, आणि मग त्याचा नंबर ब्लॉक केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीच्या फाटकावरून वॉचमनचा इंटरकॉम आला. पार्टे नावाचे गृहस्थ आलेत, पोलादपूरहून. मला वाटले, जाब विचारायला आला. किंवा कोणाला तरी नोकरीला लावा म्हणायला. मी म्हणालो, "सांग, घरी नाहीत." संध्याकाळी वॉचमनने एक कापडी पिशवी आणून दिली. "म्हातारबाबांनी ठेवलीय. पाणी मागितलं, माठातलं दिलं. मग गेले." पिशवीत काय आहे ते मी पाहिलेही नाही. कामवाल्या बाईंना देऊन टाकली.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मी न्हाणीघरात घसरून पडलो. सकाळी सहाला पडलो तो अकराला बाई आल्या तोवर ओल्या फरशीवर होतो. फोन बाहेर टेबलावर होता, आणि तो वाजणार नव्हता, कारण सगळ्यांचे आवाज मीच बंद केले होते. पाच तास माणसाला विचार करायला पुष्कळ होतात. बरा झाल्यावर मी पार्टेचा नंबर मोकळा केला आणि लावून पाहिला. हा क्रमांक सेवेत नाही, असे एका बाईने तीन भाषांत सांगितले. तो आहे की नाही, हेही मला कळेना. तेव्हा मी निघालो. वही बरोबर घेतली, सवयीने.

महाड

ताम्हिणीतून उतरून माणगावमार्गे महाडला पोचेपर्यंत माझ्या वहीत सात नोंदी झाल्या होत्या. त्यांतल्या चार पुढच्या बाकावर मोबाईलवर मोठ्याने विनोद ऐकणाऱ्या एकाच माणसाच्या होत्या. स्टँडजवळच्या लॉजमध्ये आठवी झाली. खोलीत पाच बटणे, आणि दिव्याचे बटण कोणते ते मालकांनाही माहीत नव्हते. नववी माझी मलाच लावावी लागली, फोनचा चार्जर मी घरी विसरलो होतो.

मालक पन्नाशीचे, बोलके. जिना चढताना ते थांबले आणि भिंतीवरची एक मळकट रेघ बोटाने दाखवली. ती माझ्या डोक्याच्या वर हातभर होती. आणि आम्ही तेव्हा जिन्यातच होतो, जमिनीवर नव्हतो.

"पुरात इथपर्यंत आली होती सावित्री," ते म्हणाले.

मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. संध्याकाळी नदीवर जाऊन आलो होतो. घोट्याइतक्या पाण्यात बगळे उभे होते, पलीकडे कोणी कपडे धूत होते. ही नदी उठून या जिन्यात येईल यावर माझा विश्वास बसेना.

"मग तुम्ही काय केलंत?"

"गच्चीवर. सगळे गच्चीवरच. मोबाईल दुपारपर्यंत मेले. लाईट नाही, टॉवर नाही. मग काय, हाका. ही गच्ची त्या गच्चीला, ती पलीकडच्या गच्चीला. समोरच्या काकांशी आमचं गटारावरून आठ वर्षं बोलणं बंद होतं. सकाळी पहिली हाक त्यांचीच आली, 'अरे, आहेस का?'"

"मग?"

"मग काय, आहे म्हणालो." ते हसले. "पाणी ओसरलं. गटाराचं भांडण परत सुरू झालं. पण सकाळी शटर उघडताना एकमेकांना विचारतो अजून, आहेस का म्हणून. भांडायला तरी माणूस हवा ना!"

रात्रीच्या जेवणाला त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. आमच्या घरी जवळा कधी आला नव्हता. पहिल्या घासाला मी बिचकलो, तिसऱ्या भाकरीला लाज सोडली. खोलीत येऊन वही उघडली. बटणांची नोंद पुरी करायची होती. पण डोळ्यासमोर ती रेघ येत होती, आणि दिव्याच्या बटणाविषयी काय लिहावे ते सुचेना.

कापडे आणि वरची वाडी

पोलादपूरहून कापड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये आम्ही तेरा जण होतो. ड्रायव्हर दर वळणाला हॉर्न वाजवी, आणि एका ठिकाणी वळण नसतानाही त्याने लांबलचक दोनदा वाजवला. माझा संयम सुटला.

"इथे कशाला? रस्ता मोकळा आहे की!"

"बाबा, त्या वरच्या घरात म्हातारी हाय," तो म्हणाला. "तिला दिसत नाय. हॉर्न ऐकला की कळतं तिला, धा वाजले. गोळी घ्यायची येळ झाली."

वर दारात खरेच एक म्हातारी उभी होती. तिने आवाजाच्या दिशेने हात हलवला. जीपमधल्या सगळ्या बायांनी तिला हात केला, जो तिला दिसणार नव्हता. मी हात केला नाही. आता वाटते, करायला हवा होता.

कापड्याला भातकापणी कधीच उरकली होती. खाचरांत पिवळे धसकट उरले होते आणि त्याच ओलाव्यावर वाल पेरले होते, त्यांची कोवळी पाने वर आली होती. सगळीकडे उन्हात तापलेल्या पेंढ्याचा वास. एका बाईंना मी पार्टेचे घर विचारले. जीव मुठीत धरून विचारले, कारण 'कोण, ते वारले ते?' असे उत्तर येईल ही भीती होती.

"सीतारामदादा? वरल्या वाडीत. त्या आंब्याकडनं चढा. हळू चढा हां, तुमचं वय बगून सांगते."

तो होता. बाईंचे आभार मानायचेही विसरून मी आंब्याकडे निघालो.

वर चढायला मला तासभर लागला. दर वीस पावलांना थांबावे आणि मागे पाहावे, तर मागे डोंगरांची आणखी एक रांग उगवलेली असे. ऐनाच्या झाडावरून धनेशाची जोडी गेली. त्यांच्या पंखांचा आवाज इतका मोठा की कोणी डोक्यावर सूप पाखडते आहे असे वाटले. आमच्या सोसायटीत मी पारव्यांविरुद्ध तीन अर्ज दिले आहेत. इथे मी तोंड उघडे टाकून उभा होतो.

वाडीत वीस घरे, त्यांतली सोळा कुलूपबंद. माणसे मुंबईत. अंगणात एक उघडा माणूस पेंढा रचत होता. त्याने वळून पाहिले. पाठ वाकली होती, केस पांढरे, पण डोळे तेच.

"सायेब?" त्याने पेंढा टाकला. "अवो, खालनं आवाज द्यायचा ना! मी आलो असतो घ्यायला! गो, बगलंस काय? आमचे सायेब आले!"

मी म्हणालो, "पार्टे, मला तुला काही सांगायचंय."

"आधी पानी. मग च्या. मग सांगा. पळत नाय मी कुठं."

पाणी झाले, गवती चहा घातलेला कोरा चहा झाला. मी पुन्हा तोंड उघडले तर त्याने मला गोठा दाखवायला नेले. मग रताळी. मग जुन्या मंडळींची चौकशी, एकेकाचे नाव घेऊन. ग्रुपमधून आपण कसे गळलो याविषयी तो म्हणाला, "काय तरी बटन दाबलं गेलं असंल कुनाकडनं." फोनचे विचारले तर हसत सुटला. "दरीत पडला. रेंज फकस्त त्या पुढल्या कातळावर. हात लांब केला आन गेला! दोन दिवस खालनं वाजल्यागत वाटायचा."

संध्याकाळी तो गुरे बांधायला गेला. मी चुलीपाशी बसलो होतो. त्याची बायको, पार्वतीवहिनी, तव्यावर नाचणीची भाकरी टाकत होती. पुण्यात मी नाचणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, तोंड वाकडे करून खातो. इथे ती भाकरी तव्यावर पोटभर श्वास घेतल्यासारखी फुगत होती.

"सायेब, एक इचारू? राग नाय ना येनार?"

"विचारा, वहिनी."

"तुमी तेच ना, घरात असून नसनारे?"

हातातला चहा माझ्या धोतरावर सांडला. ती तोंडाला पदर लावून हसत होती. त्या हसण्यात राग शोधला तर तो सापडेना, आणि त्यामुळेच मला तिच्याकडे पाहवेना.

"त्याला माहीत आहे?"

"आता! तुमच्या त्या फाटकावरच्या डब्यातनं तुमचा आवाज आला की. 'सांग, घरी नाहीत.' ह्यांनी जलमभर तारेतनं आवाज वळखले, तुमचा नाय वळखनार? घरी आले, मी इचारलं, भेटले काय सायेब? तर म्हनतात कसे, भेटले. आवाज मिळाला. खणखणीत होता. मी म्हटलं, आन घरात नाय घेतलं? तर म्हनले, घरात कशाला जायचंय? ओ मिळाली ना, काम झालं."

"पण तो आला कशासाठी होता?"

तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी चूल कशासाठी असते असे विचारले. "दोन सकाळी ओ आली नाय तुमची, म्हनून. आदी त्या दोन निळ्या खुना यायच्या मोबाईलवर. मग एकच याय लागली, राखाडी. ह्यांना झोप लागंना. तिसऱ्या दिशी उठले आन गेले पुन्याला. काय झालंया बगून येतो म्हनले."

मी पंधरा दिवस दात-ओठ खात जे निरोप उघडून पाहिले होते, त्या प्रत्येकाला तो माझी ओ समजत होता.

"आन वाल?" वहिनींनी विचारले. "पिशवीत दिलेले. कडवे नाय ना निघाले?"

मी म्हणालो, "नाही. चांगले होते." आयुष्यभराच्या खोटेपणात हे एक वाढले. त्या रात्री पानात तसल्याच वालांचे बिरडे होते. थोडेसे कडवट, खोबरे घातलेले, आणि इतके चांगले की मी पुन्हा मागून घेतले.

कातळावर

पहाटे पावणेसहाला पार्टेने मला उठवले. "चला सायेब. आमचा ग्रुप बगायला."

वाडीच्या टोकाला काळा कातळ आहे. त्याच्यापुढे जमीन संपते. मी जे पाहिले ते नीट सांगता येईल असे वाटत नाही. दरी नव्हतीच. दरीच्या जागी काठोकाठ धुके भरले होते, पांढरे, सपाट, न हलणारे, आणि त्यातून डोंगरांचे माथे बेटांसारखे वर आले होते. आकाश पूर्वेला नुकते तांबूस होत होते. एवढ्या मोठ्या जागेत एकही आवाज नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांत मी एवढी शांतता ऐकली नव्हती, आणि मी आयुष्यभर शांतता मागत आलो होतो. ती मिळाल्यावर मला पहिल्यांदा कळले की तिची भीती वाटते.

पार्टेने दोन्ही हात तोंडाशी नेले. "होऽऽ तुकाऽऽ!"

आवाज धुक्यावरून घसरत गेला. मी चार श्वास मोजले. मग समोरच्या कुठल्यातरी बेटातून, मुंगीएवढा, पण स्वच्छ: "ओऽऽ!"

माझ्या अंगावर काटा आला. तो अजून, हे लिहिताना, येतो.

"तुका म्हंजे कोण?"

"पल्याडल्या वाडीचा. येकटाच हाय. इकडं चार, तिकडं पाच, सगळी जुनी हाडं, पोरं मुंबईला. रोज हाक मारायची. तीनदा मारून ओ नाय आली, तर उन्हं देवळाच्या कौलावर यायच्या आत कुनीतरी जायचं बगायला. वाडवडलांपासनं हाय. आदी वाघरामुळं, आता म्हातारपणामुळं." मग तो खुदकन हसला. "ह्यो तुका येकदा रुसला माज्यावर. बांधावरनं. ओ दीना. मी उतरलो, चढलो, जीव गेला माजा. बगतो तर भाद्दर पायरीवर बसून आंबील पितोय! म्हटलं, बेन्या, भांडायचं तर भांड, पन ओ दे! रागावल्याला मानूस बी ओ देतो, ही रीत हाय."

ही वेळ होती. मी म्हणालो, "पार्टे, त्या दिवशी पुण्याला..."

त्याने हात वर केला. "थांबा, सायेब." तो दुसऱ्या डोंगराच्या दिशेने वळून पुढची हाक मारत होता. "ठकूआतेऽऽ!" ओ आली नाही. दुसऱ्यांदा. नाही. तिसऱ्यांदा त्याने इतक्या जोराने हाक मारली की मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. धुके तसेच पांढरे, सपाट, न हलणारे. त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले होते. त्याने पायातली चप्पल घट्ट केली आणि कातळाला टेकवलेली काठी उचलली.

"मीही येतो," मी म्हणालो.

"तुमाला नाय झेपायचं."

"झेपेल."

झेपले नाही, पण गेलो. ओढ्यापर्यंत उतार, तिथे पाण्यात दगडांवरून पाय टाकत पलीकडे, आणि मग सरळ चढ. धुक्याच्या आत शिरल्यावर पुढचा माणूसही दिसेना. मी पार्टेच्या काठीच्या आवाजावर चालत होतो. ओढ्यात माझा पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत भिजलो, चष्मा वाचला. माफी मागायला याहून बरी जागा मिळाली नसती. दोघेच होतो. पण माझ्या छातीत बोलण्यापुरता वारा नव्हता. मनात मात्र एकच चालले होते: हा माणूस असाच निघाला होता. डोंगर उतरला, जीप, एसटी, दुसरी एसटी, पुण्यातल्या रिक्षा. दर पावलाला त्यानेही स्वतःला हेच विचारले असेल, जे आता मी विचारत होतो. पोचल्यावर काय दिसेल? आणि पोचल्यावर त्याला माझे 'घरी नाहीत' हे दोन शब्द मिळाले.

ठकूआत्या ओसरीवर बसली होती. ऐंशीच्या पुढची, गळ्याला फडके गुंडाळलेले, मांडीवर पितळी थाळी आणि हातात लाटणे. आम्हाला पाहताच तिने थाळी बडवली आणि बसलेल्या घशाने, नुसत्या वाऱ्याच्या आवाजात, ओरडायला सुरुवात केली.

"मेल्या, घसा बसलाय माजा! थाळी बडवून बडवून हात मोडला! कान काय खाचरात पेरलेस?"

पार्टे पायरीवर बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. "धुक्यात नाय आली गो आते. वाटलं, गेलीस."

"तुला पोचवल्याबिगर नाय जायची." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "ह्यो कोन भिजल्याला?"

"माजे सायेब. पुन्याचे."

"सायेब? आन चालत आला? काय झालंय काय त्येला?"

तिने आम्हाला उठू दिले नाही. ओ घ्यायला आलेल्या माणसाला कोरड्या तोंडाने परत धाडत नाहीत, असे तिने त्या वाऱ्याच्या आवाजात सांगितले. गूळ दिला, गरम आंबील दिली. मी वाडगा दोन्ही हातांत धरून बसलो होतो आणि मला आमच्या फाटकाजवळचा वॉचमनचा माठ दिसत होता.

परत निघालो तेव्हा धुके फाटू लागले होते. आधी ओढ्याची रेघ दिसली, मग खाचरे, मग कापड्याकडे जाणारा रस्ता दोऱ्याएवढा. पार्टे कातळाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या बायकोला ओरडून सांगितले, "हाय गोऽऽ! हाय म्हातारी!" तिकडून ओ आली. त्यामागून तुकाची, कोणी न विचारता.

उतरताना

दुपारी पार्टे मला आंब्यापर्यंत सोडायला आला. खांद्यावर माझी बॅग, हातात वालांची कापडी पिशवी. तशीच, निळ्या काठाची.

"पार्टे," मी म्हणालो, "मी तुला जे सांगायला आलो होतो..."

"सायेब," तो म्हणाला, "फोन नवा घेतोय पोरगा. लागला की गुलाब पाठवतो. पावनेसहाला. चालंल ना?"

माझ्या तोंडून 'चालेल' एवढेच निघाले. त्याने पिशवी माझ्या हातात दिली, बॅग आंब्याखाली उभ्या असलेल्या जीपच्या टपावर चढवली आणि न थांबता वर चढू लागला.

जीप भरून निघायला पाऊण तास लागला; ती तिसऱ्या वळणावर होती तेव्हा वरून हाक आली. इंजिनाच्या आवाजातही ती मला कळली. ड्रायव्हरलाही कळली असावी, कारण त्याने काही न विचारता गाडी थांबवली आणि इंजिन बंद केले.

"सायेबोऽऽ!"

मी उतरलो, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओ दिली. आयुष्यात मी एवढ्या जोराने ओरडलो नसेन. जीपमध्ये कोणाच्या मोबाईलवर काही वाजत नव्हते. वर कातळावर तो ठिपक्याएवढा दिसत होता, आणि त्याचा हात वर गेलेला दिसला. आवाज मिळाला.

तो तिथे आणखी थोडा वेळ उभा होता. दरी शांत होती, वारा माझ्या बाजूने होता, एक वाक्य सहज पोचले असते. माझे हात तोंडाशीच होते. मग ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाबा, बसताय ना?" आणि मी बसलो.

वहीत त्यानंतर मी काही लिहिलेले नाही. शेवटच्या पानावर फक्त ते वाक्य आहे, जे मी त्या दिवशी दरीत टाकू शकलो नाही:

सीताराम, मी घरात होतो. मला माफ कर.